पानठेल्याचं वळण

आई रोज डब्यासोबत मास्क देते.
डबा दप्तरात, मास्क तोंडावर,
दोन्ही कानांमागे ती स्वतः अडकवते,
जसा मी दहावीत नाही, बालवाडीत आहे.

घरापासून दोनशे पायडल
मी शहाणा मुलगा असतो.
मग ठवकरचा पानठेला.
तिथं रितिक आणि मोहनीश
एकाच सायकलला टेकून उभे,
उघडी तोंडं, थंडीत वाफ सोडत.
ठेल्याच्या आधी, वळणावरच,
माझा डावा हात आपोआप कानाकडे जातो.

एकदा विसरलो होतो.
"काहो डाक्टरसाहेब, आपरेशन कितीले आहे?"
एवढंच.
दीड महिना मी डाक्टर होतो.

खरा घोळ हा, की ती धूळ दिसत नाही.
जी दिसते ती निराळी,
उड्डाणपुलाच्या कामाची,
बाबांच्या भुवयांवर बसलेली राखेची.
बाबा राखेच्या टिप्परवर आहेत.
संध्याकाळी दुपट्ट्यानं तोंड पुसतात, म्हणतात,
"वीस वर्सं झाले, आमाले काय झालं बे?"
मग खोकतात.
मग म्हणतात, "हे बिडीचं आहे."
बिडी सोडून त्यांना नऊ वर्षं झाली.

नगरारे मॅडमनी फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलाय,
हवेच्या आकड्यासाठी.
मोहनीश मोबाइलवर पाहून लिहितो,
आम्ही तो कबड्डीच्या स्कोरसारखा वाचतो,
काल जास्त होता, आज हरलो.
तास संपला की डस्टर फिरतं
आणि त्या आकड्याचीच धूळ
पहिल्या बाकावर येऊन बसते.

श्रावस्ती गजभिये येते
डोक्यापासून गळ्यापर्यंत स्टोल गुंडाळून, फक्त डोळे.
सगळ्याच पोरी तशा येतात.
त्यांना कोणी डाक्टर म्हणत नाही.
मी विचारलं, धुळीसाठी का?
"उन्हासाठी," ती म्हणाली, "रंगासाठी.
आणि चौकात काकाचं दुकान आहे ना, त्याच्या डोळ्यांसाठी.
धूळ फुकटात थांबते."

यंदा सुगत माझ्या मागे सायकल चालवतो. सहावीत आहे.
लहानपणी रात्री-बेरात्री मशीनची वाफ घ्यायचा,
आई त्याची पाठ चोळत बसायची,
मी त्या घरघरीवर उशी दाबून झोपायचो.

परवा दाट धुकं.
कोराडीच्या चिमण्या गायब,
वर नुसते लाल दिवे टांगलेले.
वळण आलं, हात कानाकडे गेला,
आणि मागे सायकल खडखडली.
वळून पाहिलं तर
त्यानंही हँडलवरचा एक हात सोडलेला.
डावा. तोच कान.
घडीसुद्धा माझ्यासारखीच, दोन वेळा,
आणि खिशात.

"तुले कोणी सांगतलं काढाले?"
"कोणी नाही," तो म्हणाला,
"इथंच काढतेत ना?"

मी माझा परत अडकवला.
हिंमत वगैरे काही नाही,
कान तापले होते, एवढंच.
ठेल्यावरून रितिक ओरडला,
"आले रे, आता तर दवाखानाच आला!"
सुगत हसला.
डोळ्यांवरून कळलं.

आज तो माझ्या पुढे निघालाय,
गरज नसताना घंटी वाजवत.
वळण येतंय.
मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहतोय.