भाता

डोमाजीचा उजवा हात मी आधी ऐकला,
पाहिला नंतर.
कुरखेड्याच्या मंडईत, दुसऱ्या अंकात,
नटी रडून थांबली
आणि ऑर्गनच्या लाकडावर त्याचं नख वाजत राहिलं,
सेकंदाला पाच.
तीस वर्षं त्याच्या डाव्या अंगाला तबला घेऊन बसलो,
ही लय मी दिलेली नव्हती.

मग मानधनाच्या वहीत
लांजेवार हे नाव मुंगीएवढं होत गेलं.
मोहाचा वास तर त्याआधीच गेलेला,
कोणाला बोलला नाही.

नागपूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईनं
चिठ्ठीच्या पाठीवर एक शेंग काढली,
शेंगेच्या आत वळ्या, वळीला लागून वळी.
तंतुकणिका, म्हणाली,
एकेका पेशीत शेकडो,
घेतलेला श्वास इथं कामी येतो.
डोमाजी वाकून पाहत राहिला.
"हा त भाता आहे, बाई."
ती हसली नाही. भाताच, म्हणाली.
सूर जागेवर आहेत, बोटांना सगळं येतं,
खालून हवा पुरत नाही.
मेंदूच्या बुडाशी एक काळपट पट्टी आहे,
तिथल्या पेशींना हवा फार लागते.
फाटके भाते वेळेवर बाहेर गेले नाहीत
की त्या विझू लागतात.

"आला कोनाकडून?"
"भाते सगळ्यांनाच आईकडून येतात.
पण फाटले का, ते नेमकं सांगता येत नाही.
धानावर फवारे मारले कधी?"
"नाटकं उन्हाळ्यात संपतात, बाई.
पोट नाही संपत."
तिनं ते लिहून घेतलं.

गोळी दिवसातून चारदा, जेवणाच्या आधी.
गोळी भाता शिवत नाही,
तेवढ्या वेळापुरती उसनी हवा देते.
शिवणारं औषध शोधतायत, अजून हाती नाही.
तोवर चालायचं,
रोज, दम लागेपर्यंत.

आता तो उंबऱ्याशी येतो आणि पाय रुततात,
रोवणीच्या चिखलात रुतावेत तसे.
सून ओढते, नातू ढकलतो.
मी बाहेरून मांडीवर ठेका धरतो,
धा धिं धिं धा,
आणि समेवर पाऊल सुटतं.
तसेच आम्ही बोडीच्या पाळीवरून जातो,
दोन म्हातारे, सोळा मात्रा,
गुराखी पोरं मागून हसतात.
हसोत. लय चुकत नाही.

कंपनीत आता एक पोरगा कीबोर्ड वाजवतो.
ऑर्गन माझ्या पडवीत आहे.
भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं,
सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले मी.

परवा त्याला समोर बसवला.
पायडल त्याच्यानं होईनात,
मी खाली जमिनीवर बसलो,
दोन्ही तळव्यांनी मारू लागलो.
बोटं पट्ट्यांवर टेकली
आणि थरथर थांबली. अशीच थांबते,
हाताला काम असेपर्यंत.
नांदी अर्ध्यावर आली,
वरचा षड्ज लागता लागता बसला.
घामानं माझे डोळे चुरचुरत होते.

डोमाजी वरून म्हणाला,
"काहून बे ईस्तारी,
तुहीच हवा कमी पडली."