पीठ

ईस्ट किलब्राइडच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी मलावीची फाईल सांभाळतो.
झोम्बाजवळचं एक नर्सिंग कॉलेज:
वसतिगृहाच्या चाळीस खाटा, दोन पंप, सहा वर्षांचा निधी.
प्रत्येक पानाखाली माझी सही.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला
तेव्हा रात्रपाळीला तियामिके होती.
तान्ह्याला वळवावं तसं तिनं त्यांना कुशीवर वळवलं,
पाठीला पावडर लावली.
"दुखतंय" हा शब्द दोन दिवसांत उचलला.

कुठं शिकलीस, मी विचारलं.
झोम्बाजवळ, म्हणाली. आमच्या बॅचच्या
अकराजणी इकडंच आहेत.
तुमच्याच सरकारची जाहिरात आली होती ना.
आणि तिकडच्या वॉर्डात?
चादरीचं टोक गादीखाली खोचत म्हणाली,
रात्री एक. कधी तीही नाही.

सोमवारी बैठक. विषय: धोरणांमधली सुसंगती.
बिस्किटं आली.
आरोग्य खात्याचं कुणी आलं नाही.
आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय,
अगदी ओठांवर आलं होतं,
पण आदल्या रात्री अण्णा
पहिल्यांदाच सलग सहा तास झोपले होते.

इतिवृत्तात माझ्या नावापुढं
एवढंच लिहिलंय:
हजर.