छेद

साडेदहाला निघतो आम्ही, बेती आडवी होते तेव्हा.
मी, सावळो, बॅटरी, आणि लाकडी पेटीत
काचपट्ट्या, स्पिरिटचे बोळे, सुया.
मांडवीपलीकडे कसिनोच्या बोटी
लग्नघरासारख्या जाग्या.
त्यांचा उजेड पाण्यावरून निम्म्यापर्यंत येतो
आणि मालीमच्या धक्क्याआधीच विरतो.

हा जंत रात्रीचा, मी दारोदार सांगते.
माणूस निजला की त्याची पिल्लं
कातडीखालच्या रक्तात वर येतात,
डास चावायला येतो त्याच सुमाराला.
आणि दिवसभर?
आत असतात. दडून.
"म्हणजे आमच्या मामंजींसारखी,"
पेर्पेतची सून म्हणते,
आणि बोट पुढे करते.

खारव्यांच्या वाड्यावर एक म्हातारी विचारते,
रगत विकता काय गो तुम्ही?
तीन थेंब, आजी. चहासुद्धा येणार नाही त्यात.
ट्रॉलरवरचा बिरंची, ओडिशाचा,
सुईआधीच डोळे मिटून घेतो.
त्याचा हात जाळ्यानं इतका चिरलाय
की टोचायला
कोरी जागा शोधावी लागते.

मोनिझ डॉक्टर सांगतात,
अंशाचं मागाहून बघू, आधी छेद भरा.
अंश म्हणजे ज्यांच्यात सापडला ते.
छेद म्हणजे तपासलेले सगळे.
शाळेत छेद हा रेघेखालचा नुसता आकडा होता.
इथे आधी बोटाला छेद,
मगच माणूस रेघेखाली.
पाचशे हवेत.
'घर बंद' त्यात धरत नाहीत.
समुद्रावर गेलेले धरत नाहीत.

कपेलामागच्या अर्धवट इमारतीचा वॉचमन, इराप्पा,
आमचा सगळ्यात सोपा माणूस.
कुत्रा नाही, कुरकुर नाही,
खुर्चीत सावध बसलेला, बोट तयार.
आजूबाजूच्या खोल्यांत तिघं निघाले.
इराप्पा स्वच्छ.
पुन्हा घेतलं, स्वच्छ.
तिसऱ्यांदाही.
तिन्ही चिठ्ठ्या त्यानं पाकिटात जपल्या,
कंत्राटदाराला दाखवायला.

मग एकदा पहाटे घरी चप्पल काढताना
एक पाय चपलेतच राहिला माझा.
हा निजतो कधी?

जंताला घड्याळ कुठे कळतं.
त्याला झोप कळते.

दुपारी गेले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर
तो तोंडावर टॉवेल घेऊन गाढ.
उठवलं, टोचलं.
सावळोनं तेवढ्यात
सेप्टिक टाकीच्या उघड्या नळकांड्याला
जाळीचा तुकडा तारेनं आवळून बांधला.
कोणी सांगितलं, म्हणत मुकादम आला,
तर म्हणाला, डासांनी.

सूक्ष्मदर्शकाखाली
शिवणाच्या दोऱ्याची तुटकी टोकं असावीत तशी,
एक, दोन,
आणि काचेच्या कडेला तिसरं.

बारा दिवसांच्या गोळ्या, जेवल्यावर घ्यायच्या.
इराप्पानं पाकीट उघडलं.
मग ह्या तीन चिठ्ठ्या, बाई?
मला उत्तर सुचेना.
खऱ्या होत्या त्या,
चुकीच्या वेळी.

ऑफिसात कॉम्प्युटरवर वेळ भरली: दुपारी १२.४०.
रकाना लाल झाला.
त्याला फक्त रात्र ठाऊक.
दहा चाळीस लिही, सावळो म्हणाला, कोण बघतंय.
बोट कळीवर गेलंही होतं.
मग कागदावरच ठेवली वेळ, जशी होती तशी,
आणि कागद मोनिझ डॉक्टरांच्या टेबलावर.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.
खिडकीतून नदीकडे बघत विचारलं,
आपल्या वाड्यांवरून
त्या बोटींवर कामाला किती जातात?

वही उलटी करून मागच्या पानापासून मोजू लागले.
पत्ते वाटणारी एस्मेराल्दा. भांडी घासणारे दोघे भाऊ.
बर्फाच्या कारखान्यातली पाळी.
टोल्याचा पाव भाजणारा पोदेर.
ज्यांच्या दारावर आम्ही रात्री थाप मारली
आणि लिहिलं, घर बंद.
ज्यांना वाटेतच गाठून टोचलं
आणि लिहिलं, स्वच्छ.

पान भरत आलं.
सावळो पेटीचं झाकण लावता लावता थांबला.
आणि आपण? म्हणाला.
सहा महिने झाले, बाय,
आपणही दिवसाच निजतो.