चेंबर तीनची चावी

आमच्या तासगावात ढग हा शब्द
फेब्रुवारी-मार्चात कुणी मोठ्यानं काढत नाही.
माल शेडवर असतो.
एक सर, आणि हिरवा बेदाणा काळा.
म्हणून चौगुलेशेठ म्हणाले,
"औंदा सगळा हिशोब क्लाऊडवर,"
तेव्हा काट्यावरचा दस्तगीर
आधी बाहेर जाऊन वर बघून आला.

सम्मेदनं एका दुपारीत बसवून दिलं.
स्वतःच्याच मेलवर, स्वतःच्याच नंबरवर,
कारण तो समोर होता
आणि स्टोरेजचा मेल कुणी काढलाच नव्हता.
मी शेजारी भडंग खात होते.
"कुणाकुणाला द्यायचं, मॅडम?"
दे की सगळ्यांना. आपलीच माणसं.

हे मी म्हणाले.
मी, जी बावीस वर्षं चेंबर तीनची चावी
हळदीकुंकवालासुद्धा पर्समधून नेते.

घड्याळ कुठल्या मुलखाचं, तेही बघितलं नाही.
सकाळी अकराच्या सौद्याची आठवण
व्यापाऱ्यांना रात्री साडेअकराला गेली.
हसलो. चहा पाजला. विसरलो.

मग एकदा पडद्याच्या कोपऱ्यात
'अनोळखी कोल्हा' असं कुणीतरी दिसलं.
लिंक ग्रुपवर टाकली होती, ज्याला मिळेल त्याला उघडी.
बेदाण्याच्या हिशोबात कोल्हा,
आणि त्याला काहीच आंबट लागत नव्हतं.

तरी नाही कळलं.

दस्तगीरनं चांगल्या मनानं
नावं अकारविल्हे लावली.
नावांचा रकाना तेवढा.
नावं हलली, पेट्या जागेवर.
सावळजच्या आवटींना, ज्यांचा माल अजून वाळत होता,
मेसेज गेला: दोनशे बारा पेट्या विकल्या.
आणि आरवड्याच्या हौसाबाई जमदाडे
शेवटच्या ओळीत, एकोणीस पेट्यांवर.

कालची प्रत आत कुठंतरी शाबूत होती.
पण ऑफिसच्या मशीननं विचारलं, तुम्हीच का?
कोड गेला सम्मेदच्या फोनला.
सम्मेद तोवर हिंजवडीत नोकरीला,
मीटिंगमध्ये, फोन उलटा ठेवून.

तीन तास.
सौद्याच्या हॉलमध्ये ताटं मांडलेली, पंखे फिरताहेत.
हौसाबाईंनी पिशवीतून औषधाच्या गोळ्या काढल्या,
मग चष्मा, मग चार घड्यांची पावती.
"दोनशे बारा. ही तुझीच सही हाय नव्हं?"

माझीच.

आता मेल स्टोरेजच्या नावाचा.
मालक दोन, शेठ आणि मी.
दस्तगीर वजनाच्या रकान्यात लिहितो, बाकी नुसतं बघतो,
आणि आठवडाभर माझ्याशी तुटक बोलला.
अडीअडचणीचे कोड कागदावर,
कागद तिजोरीत,
तिजोरीची चावी... असो.

सगळ्यात शेवटी सम्मेदचं नाव काढलं.
मिनिटात त्याचा मेसेज:
मॅडम, मला काढलं?
काढलं रे बाबा.
रविवारी ये जेवायला.