झडप

अजून पाय खाली टेकवायचे नाहीत.
पहाटेचे पाच. वाशीच्या बैठ्या घरात
मी गादीवर तशीच पडून,
पोटऱ्यांत रात्रभरात उतरलेली सूज
पुन्हा चढायच्या आत
तुम्ही चष्मा शोधता, लादीवर बसता,
आणि मोजा उलटा करून
टाचेपर्यंत हात खुपसता.

पहिल्या दिवशी मी पाय ओढून घेतला होता.
नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा?
पाप कुणाच्या खात्यावर पडतं कोण जाणे,
बहुतेक माझ्याच.
तुम्ही म्हणालात, "हलू नकोस.
नख लागलं तर फाटेल. दोन हजारांचा आहे."
एवढंच.

वीस वर्षं तव्यासमोर उभी आहे.
पोळीभाजी केंद्रात रोजच्या चारशे पोळ्या,
होळीला पुरणाच्या वेगळ्या.
संध्याकाळी घोटा फुगायचा,
बोट दाबलं की खळगा पडायचा
मुरलेल्या कणकेत पडतो तसा,
आणि तसाच राहायचा.
शिरा निळ्या, गाठाळ.
मी साडी बोटभर खाली नेसू लागले,
वयाला बोल लावला, गुडघ्याला लावला.
रात्री पोटरीत गोळा आला
की उशी दातांत धरायची,
तुमची झोप मोडू नये म्हणून.
तुम्ही जागेच असायचात,
हे आता सांगता.

मोकल डॉक्टरीणबाईंनी टेपनं घोटा मोजला, पोटरी मोजली,
केसपेपरच्या पाठीवर एक शीर काढली.
"शिरेत बारीक झडपा असतात.
रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत.
उभं राहून राहून तुमच्या सैल पडल्यात."
मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.
कळलं तुम्हाला.
तेवीस वर्षं धारण तलावाच्या पंपावर काढलेली,
उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन
खाडीकडच्या झडपा बघत फिरलेला माणूस.
म्हणालात, "म्हणजे भरती आत शिरतेय."

बाई पेन ठेवून हसल्या.
"तसंच. आणि हा मोजा म्हणजे बाहेरून दिलेला दाब,
घोट्याशी घट्ट, वर सैल होत जाणारा.
झडप नवी नाही होणार.
पाणी साचणार नाही तेवढं."

परतताना रिक्षात तुम्ही पहिल्यांदाच सांगितलंत,
एका वर्षी झडपेत नारळ अडकला होता,
कुणीतरी खाडीला वाहिलेला,
आणि सगळा सेक्टर घोटाभर पाण्यात.
एका नारळानं!
मी माझ्या घोट्याकडे बघितलं.

मे महिन्यात मोजे म्हणजे शिक्षाच.
तव्याची धग वरून, घाम आतून, खाज सुटते ती वेगळी.
मंदाकिनी म्हणाली, "विमानात बसायचंय का गं?"
मग चारच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना,
तिनं हळूच निऱ्या उचलल्या.
तिच्याही. पिंडरीवर अख्खी वेल.
पिठाच्या डब्यांआड चौघी जणी
एकमेकींचे पाय बघत उभ्या होतो.
उभ्याच! बसायला स्टूल एक,
त्यावर गल्ल्याची पेटी.
दुसऱ्या दिवशी पेटी खाली ठेवली, मीच.
शेठ काही बोलला नाही.

गोळे आता क्वचित येतात.
शेवटची शंभर लाटताना
पाय दुसऱ्या कुणाचे वाटत नाहीत.
निळी वेल आहे तिथेच आहे,
ती जाणार नाही, बाईंनी फसवलं नव्हतं.

रात्री मोजे तुम्हीच उतरवता,
धुऊन सावलीत टाकता. ऊन लागलं की ढिले होतात.
मग नडगीवर अंगठा दाबून थांबता
पंपावरची पातळी वाचावी तसे,
आणि म्हणता, "ओहोटी."

गणपतीत सहाशे मोदक वळले त्या रात्री
खळगा राहिला.
तुम्ही काही म्हणाला नाहीत.
दुसरी उशी आणलीत,
तुमची.