तीन सेंटिमीटर

उलानबातरच्या दुकानात, काचेखाली
सात स्टेथोस्कोप वेटोळं घालून झोपलेले.
हा घ्या, विक्रेता म्हणाला, मोठे डॉक्टर हाच नेतात,
वजनदार आहे, गळ्यात शोभतो.
मी त्याची तबकडी माझ्या मुठीवर ठेवली.
मूठ झाकली गेली.
तान्ह्याची छाती काही फार मोठी नसते.
हृदय, फुफ्फुस, पोटातलं दूध
त्या तबकडीखाली सगळीच एकदम बोलणार,
लग्नघरासारखी.

दुसऱ्याच्या नळीवर रबरी अस्वल, हसणारं.
मुलांना आवडतं, तो म्हणाला.
आमच्याकडची मुलं दात दाखवणारं जनावर दिसलं
की दोन पावलं मागे सरतात.

घेतला तो तिसरा. राखाडी.
एका अंगाला तीन सेंटिमीटर,
दुसऱ्या अंगाला त्याहून लहान वाटी,
कडेला रबर. थंड लागणार नाही, असं खोक्यावर छापलेलं.
किंमत : दीड महिन्याचा कोळसा.

उलिआस्ताईत उणे चौतीस.
डोल्गोर नर्सनं तो उलटसुलट करून पाहिला,
काही न बोलता काखेत धरला
आणि रजिस्टर भरत बसली.

पहिली आली खुलान. वय चार, खोकला तीन दिवस.
रडली ती छताला पोचेल अशी.
रडत्या छातीत काही ऐकू येत नाही,
मी कानांत प्राण आणले तरी.

शेवटी नळीची टोकं तिच्याच कानांत घातली,
तबकडी तिच्याच सदऱ्याखाली.
गप्प झाली.
बराच वेळ.
मग म्हणाली, आत कुणीतरी लोकर झोडतंय.

बाप हसला. उन्हाळ्यात तंबूसाठी बुरणूस करतात
तेव्हा काठी धरायला तिलाही बसवतात.

आता मला दे, म्हटलं.
उजवीकडे, खाली, तापल्या तव्यावर मीठ तडतडावं तसं.
ते ओळखीचं. त्यावर औषध आहे, पाच दिवसांचं.
मग लहान वाटी फिरवून हृदयावर ठेवली,
तर दोन काठ्यांच्या मधे
एक फुंकर.
पुन्हा ऐकली. होती.
तापात येते कधी कधी, आपोआप जाते.
कधी जात नाही.
छातीठोक काही सांगता येईना.

शुक्रवारी परत आणा, बापाला म्हटलं,
ताप उतरला तरी आणा.
त्यानं खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, मान हलवली.
तोवर त्याचं झोडून होईल? खुलाननं विचारलं.

डोल्गोरनं हात पुढे केला.
स्टेथोस्कोप परत काखेत गेला.
बाकावर अजून अकरा जण होते.