रिमार्कचा रकाना

शिरोलीच्या फाउंड्रीत मी कास्टिंग तपासते.
बावीस वर्षं. बोटाच्या पेराला कळतं
कुठं बारीक भेग आहे, कुठं वाळू अडकलीय.
रजिस्टरात शेवटचा रकाना माझा : रिमार्क.

ही वहीसुद्धा तशीच आखली.
तारीख. मलम. किती. रात्री झोप लागली का.
फक्त वरती भागाचं नाव लिहायचं होतं,
तिथं पेन थांबलं.

आईनं शिकवलेला शब्द ‘तिथं’.
सासूबाईंचा ‘खाली’.
नर्सबाईंचा ‘जागा’, जणू भाड्यानं द्यायचीय.
कागलची मावशी तेवढी ‘मायांग’ म्हणायची,
बाळंतिणीला न्हाऊ घालताना, मोठ्यानं,
चुलीवरचं पाणी उतरवावं इतक्या सहज.
तोच लिहिला.

पहिली सहा वर्षं नुसतीच खाज.
बुरशीचं औषध, मग दुसरं बुरशीचं,
कुणीतरी सांगितलेला कडुलिंब.
मग दार लावून, आरसा घेऊन, उकिडवं बसून
बघितलं तर पांढरं.
कोड म्हणून रात्रभर बसले.
पोरीचं बघायचं चाललेलं.

कोड नव्हे, म्हणाल्या अकिवाटे डॉक्टर.
नाव सांगितलं, लायकेन स्क्लेरोसस.
मी तीनदा लिहून घेतलं, तिन्ही वेळा वेगळं.

कांद्याचा पापुद्रा, तशी कातडी.
केएमटीची पायरी चढताना फाटते.
नवऱ्याला सांगितलं होतं, पाठ दुखते.
अकरा वर्षं माझी पाठ दुखली.

त्यांनी दिलं ते स्टेरॉइडचं मलम.
शब्दाचीच भीती, जाऊबाईंचा सुजलेला चेहरा डोळ्यापुढं.
रात्री दोनला, फोनचा उजेड कमी करून
दुसरं काही शोधत बसले. हार्मोनचं काही.
पूर्वी टेस्टोस्टेरॉन व्हॅसलिनमध्ये घोटून
बायकांना लावायला देत, असं सापडलं.
राजारामपुरीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहूनही दिलं.

शेडबाळे केमिस्टनी चिठ्ठी बघितली,
काउंटरवर वाकून हळूच : ‘मिस्टरांना आणाल का एकदा?’
‘मलाच पाहिजे,’ म्हटलं.
मागचा माणूस औषध न घेताच गेला.

पाच महिने. झोप नाही. झोप नाही. थोडी. नाही.
हनुवटीवर तीन जाड केस. रिजेक्ट.
मग प्रोजेस्टेरॉन, चार महिने. तेच.

मग एका रात्री तो कागद वाचला, डिक्शनरी मांडीवर :
काहींना हार्मोन, काहींना नुसतं व्हॅसलिन,
आणि शेवटी म्हणण्यासारखा फरक नाही.
नुसतं व्हॅसलिन!
इतकी हसले की नवरा उठला.
‘काय झालं?’
का कोण जाणे, सांगितलं.
सगळं नाही. मावशीचा शब्द सांगितला,
आणि वही पुढं केली.
त्यानं चष्मा शोधला. पानं उलटत राहिला.
बऱ्याच वेळानं विचारलं,
‘आणि पाठ?’
‘पाठ बरी आहे,’ म्हटलं.

त्या व्हॅसलिनवाल्या बायका अधूनमधून आठवतात.
घरी काय सांगून येत असतील?

आज सतरा तारीख. अकिवाटेबाईंचंच मलम,
बोटाच्या पेराच्या निम्मं.
झोप : चारपर्यंत.
जे चिकटून मिटलंय ते उघडणार नाही म्हणाल्या.
पुढचं थांबेल बहुतेक.
रिमार्क लिहिला नाही अजून.
कास्टिंग गार झाल्याबिगर मी हात लावत नाही.